आईचं दूध काढायच्या पंपाला तीन स्टार, सोबतच्या पुस्तिकेला शून्य

तीन स्टार देतेय आणि त्यातला निम्मा वाटा बॅटरीचा आहे. रिव्ह्यू मोठा होणारे, सोयीने वाचा, मीपण सोयीनेच लिहितेय, मुलगी झोपली की चार ओळी असं तीन दिवस चाललंय.

आधी कशासाठी घेतला ते सांगते, कारण नोकरीवर जाणारीला लागणारा पंप वेगळा आणि मला लागला तो वेगळा. माझं सिझेरियन तेहतिसाव्या आठवड्यात झालं. बीपी चढत चढत १६०/११०, लघवीत प्रोटीन, डोळ्यांपुढे काजवे, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, आणि त्याचा खरा इलाज एकच, बाळ आणि वार बाहेर काढणं. लेक १ किलो ७०० ग्रॅमची, ती सरळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, आणि मी दुसऱ्या मजल्यावर मॅग्नेशियमचं सलाईन लावून पडलेली, अंग असं तापलेलं की चुलीपुढे बसवलंय. पोरगी मला पहिल्यांदा दिसली ती नवऱ्याच्या फोनवर. अंगावर पाजायचा प्रश्नच नव्हता, एवढ्या लवकर आलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका वेळी जमत नाही, नाकातून नळी घालून दूध द्यावं लागतं. मग ते दूध काढायचं कसं, म्हणून नवऱ्याने रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या जिन्यात बसून हा पंप मागवला. डबल इलेक्ट्रिक, चार्जिंगचा, ४,२९९ ला पडला.

पंप येईपर्यंत दोन दिवस गेले आणि तेच बरं झालं. कारण पहिल्या दिवशी येतो तो चीक, घट्ट, पिवळा, आणि तोही थेंबाथेंबाने, तो पंपाच्या नळ्यांना आणि व्हॉल्व्हला चिकटूनच संपला असता. एनआयसीयूच्या सिस्टर आल्या, हात धुतले, मला म्हणाल्या ताई लाजू नका, आणि बोटांनी मागे दाबून पुढे असं करत १ मिलीच्या सिरिंजमध्ये चीक गोळा केला. सिरिंजमध्ये जेमतेम पाऊण मिली! मला रडू फुटलं, म्हटलं एवढंच? तर सिस्टर म्हणाल्या हे सोनं आहे, आणि कापसाच्या बोळ्याने पोरीच्या गालाच्या आतून फिरवायला घेऊन पण गेल्या. नंतर वाचलं की चिकात आयजीए नावाच्या अँटीबॉडी आणि लॅक्टोफेरिन नावाचं जंतूंशी लढणारं प्रोटीन ठासून भरलेलं असतं, आणि लवकर बाळंत झालेल्या बाईच्या दुधात सुरुवातीला प्रोटीनही जास्त असतं. शरीराला कळतं की काय देव जाणे. कमी दिवसांच्या बाळांचं आतडं सुजून कुजायला लागतं असा एक भयानक आजार आहे, आईच्या दुधावरच्या बाळांमध्ये तो कमी दिसतो, त्यामुळे एनआयसीयूवाले थेंबथेंब मोजून घेतात.

सुरुवातीला माझं दूध पुरत नव्हतं तेव्हा तिला मिल्क बँकेचं दूध दिलं. घरात यावर केवढी चर्चा, कोणाचं दूध, कसलं दूध. सासूबाईंना मी फोनवर दाखवलं की आपल्या मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी अशी बँक काढली, आशियातली पहिली, आणि प्रत्येक दूध ६२.५ डिग्रीला ३० मिनिटं तापवूनच देतात. त्यावर त्या म्हणाल्या, आमच्या वेळी शेजारणीने पाजलंच की, तापवलं कुठे. विषय संपला.

तिसऱ्या दिवशी पंप आला. आता प्रॉडक्टबद्दल.

मोटर चांगली आहे. आवाज कमी, म्हणजे बाजूच्या खोलीत झोपलेल्या माणसाला कळत नाही पण त्याच खोलीतल्या नवऱ्याला कळतं. बॅटरी खरोखर चार-पाच वेळा पुरते, आमच्या इथे नाशिकला पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा हिनेच तारलं. दोन्ही बाजू एकदम निघतात, पंधरा-वीस मिनिटांत काम आटपतं, दिवसातून आठ वेळा करायचं तर हा वेळ फार मोठा आहे. दूध नळीत मागे चढू नये म्हणून पडदा दिलाय, तो पण व्यवस्थित. इथपर्यंत चार स्टार होते.

आता पुस्तिका. मराठीत आहे म्हणून आधी कौतुक वाटलं, उघडली तर 'उत्तेजना मोड' आणि 'अभिव्यक्ती मोड'. नवरा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी. अरे बाबांनो, या गोष्टीला आपल्याकडे शब्द आहे, पान्हा! पहिला मोड पान्हा फुटायला, दुसरा दूध काढायला, एवढं लिहिलं असतं तर माझ्या आईलासुद्धा पंप चालवता आला असता.

आणि हे नुसतं शब्दाचं नाहीये. पान्हा काय असतो हे ज्याला माहीत आहे त्याला हे मशीन चालवायचं कसं ते आपोआप कळतं. पुस्तिकेत लिहिलंय 'दूध कमी येत असल्यास सक्शन वाढवावे'. मी वाढवलं. नऊपैकी आठवर नेलं. दूध वाढलं नाही, पण बोंडांना चिरा पडल्या, रक्त आलं, बाटलीतलं दूध गुलाबी झालं आणि मी बाटलीकडे बघत रडत बसले.

माझे मामा सिन्नरजवळ राहतात, चार गायी आहेत, ते बघायला आले होते. बाळंतिणीच्या खोलीत मामा कशाला बोलतील, पण आईने सांगितलं असणार, ते दाराबाहेरूनच म्हणाले, "अगं ओढून कुठं दूध येतंय, गाय पान्हा चोरते ना, तेव्हा कितीबी ओढ, सड तुटंल पण थेंब न्हाई. वासरू दाव तिला." झालं, माझ्या ४,२९९ च्या मशीनचं सगळं शास्त्र एका वाक्यात आलं. दूध आधीच तयार होऊन आत बारीक बारीक पिशव्यांमध्ये बसलेलं असतं, ते नुसतं ओढून येत नाही. बोंडाला स्पर्श झाला की निरोप मेंदूत जातो, तिथून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, ते रक्तातून येऊन त्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतं आणि दूध नळ्यांमध्ये ढकललं जातं. ढकलतो तो पान्हा, पंप फक्त दारात आलेलं दूध घेतो. बाळ पण तेच करतं, आधी भरभर चुटूचुटू, मग पान्हा फुटला की सावकाश मोठे घोट. पंपाचे दोन मोड म्हणजे त्याचीच नक्कल.

दुखलं, धास्तावलं, थंडी वाजली की ऑक्सिटोसिन अडतं. यावर अमेरिकेत १९४१ साली गायींवर प्रयोग झालाय, धार काढताना गायीच्या पाठीवर मांजर बसवायचं आणि कागदी पिशव्या फोडायच्या, गायीने पान्हा चोरला. मामांना सांगितलं तर म्हणाले मांजर कशाला, नवा माणूस गोठ्यात आला तरी चोरती. आणि १९४८ साली न्यूटन नावाच्या नवरा-बायकोने हेच माणसावर केलं. माणूस म्हणजे बायको स्वतःच, अंगावर पाजणारी. पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात, पायाचा अंगठा पिरगाळायचा, गणितं घालायची. एरवी बाळाला १६८ ग्रॅम दूध मिळायचं ते ९९ वर आलं, आणि तोच छळ चालू ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तर परत १५३. म्हणजे दूध होतंच, सुटत नव्हतं. हे वाचल्यावर मला इतकं हलकं वाटलं ना, कारण तोपर्यंत रोज कोणीतरी येऊन विचारायचं, दूध नाही का गं तुला? आणि हे विचारणं म्हणजेच बर्फाचं पाणी.

(हे तेच ऑक्सिटोसिन जे सिझेरियननंतर रक्तस्राव थांबायला मला सलाईनमधून दिलं होतं. आणि तेच जे काही लोक म्हशींना टोचतात, त्यावरून सरकारने २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांनी ते बनवायलाच बंदी केली होती, ती दिल्ली हायकोर्टाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उडवली, बाळंतिणींना लागतं म्हणून. असो.)

मग मी काय केलं, सक्शन तीनवर आणलं, पोरीच्या टोपीचा वास घेत, तिचा व्हिडिओ लावून, पाठीला आईचा गरम हात, आणि बाटलीवर मोजा चढवला. हो मोजा, पोरीचाच, मोठा होणारा. बाटलीवरच्या मिलीच्या रेघा दिसल्या की माझं सगळं लक्ष तिकडे. त्या दिवशी दोन्ही मिळून ३५ मिली आलं, आदल्या दिवशी आठवर सक्शन असताना १२ होतं.

दुसरी मोठी तक्रार फ्लँजची. ती फनेलसारखी वाटी असते ना, ती. डब्यात २४ आणि २८ मिलीमीटर अशा दोनच येतात आणि पुस्तिकेत 'आरामदायक वाटेल ती निवडा' एवढंच. मी मोठी चांगली असं समजून २८ लावली. आतल्या नळीत बोंडासोबत बाजूची त्वचा पण ओढली जायची, गोल पांढरा वण. एनआयसीयूच्या सिस्टरनी साध्या कागदी पट्टीने बोंडाची रुंदी मोजली, १६ निघाली, म्हणाल्या ताई तुम्हाला १७ नाहीतर १९ लागेल. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडचा मुलगा बिचारा इतका लाजला, मॅडम साईज म्हणजे कसली साईज. चौथ्या फोनला कळलं की यांच्याकडे लहान साईज मिळतच नाही. शेवटी दुसऱ्याच ठिकाणाहून सिलिकॉनची १९ ची आतली रिंग मागवली, ३५० रुपये, आणि दोन दिवसांत चिरा भरल्या. साडेतीनशेची वस्तू डब्यात घालायला काय झालं होतं? एक स्टार इथे गेला.

तिसरं, पुस्तिकेतलं चित्र. स्तनाच्या आत बोंडामागे फुगीर पिशव्या दाखवल्यात, जणू दुधाच्या टाक्या. हे चित्र १८४० सालच्या कूपर नावाच्या इंग्लिश सर्जनच्या अभ्यासावर बेतलेलं आहे, त्याने मेलेल्या बायकांच्या नळ्यांमध्ये मेण भरून बघितलं होतं, आता मेण भरल्यावर फुगणारच. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या लोकांनी पाजणाऱ्या जिवंत बायकांची सोनोग्राफी केली तर टाक्या नाहीतच, आणि बोंडात उघडणाऱ्या नळ्या पुस्तकात १५-२० लिहितात त्या सरासरी ९ निघाल्या. गायीला सडाच्या वर टाकी असते, बाईला नाही. त्यामुळे आपल्यात पान्ह्याशिवाय फारसं काही हाताला लागत नाही, इथे गायीपेक्षा आपलं अवघड आहे. दीडशेच्या वर वर्षं चुकीचं चित्र चाललं आणि अजून डब्यातून घरोघर येतंय. याला शून्य.

आता जे या मशीनने खरंच केलं ते. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं हार्मोन धाडकन उतरतं, त्याने धरून ठेवलेला दुधाचा कारखाना चालू होतो, म्हणून दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास सगळ्याच बायकांचं दूध भरून येतं, पाजा नाहीतर न पाजा. (वारेचा तुकडा आत राहिला असेल तर मात्र येत नाही, दूध अजिबात उतरलं नाही तर डॉक्टरला हे नक्की विचारा.) पहिलटकरीण, सिझेरियन, आजारी असं सगळं असलं की उशीर होतो, माझं पाचव्या दिवशी आलं. पण पुढे हिशोब बदलतो. भरलेलं राहिलं की शरीर समजतं खप नाही, उत्पादन कमी करा, रिकामं केलं की वाढवा. पहिले दोन आठवडे यात फार महत्त्वाचे, तेव्हा बाळ चोखायला नसेल तर हे रिकामं करणारं कोणीतरी पाहिजे, आणि ते काम या यंत्राने इमानदारीत केलं. रात्री तीनचा गजर लावून पण, कारण दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हार्मोन रात्री जास्त असतं, आणि मी दोन रात्री कंटाळून झोपले तर तिसऱ्या दिवशी दूध खरंच उतरलेलं. चौदाव्या दिवशी दिवसाचं ५५० मिली झालं. महिन्याच्या पुढच्या बाळाला साधारण ७५०-८०० मिली लागतं असं धरतात, म्हणजे मी वाटेवर होते. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी सगळं चालूच होतं, शतावरीवर छोटे छोटे अभ्यास आहेत पण ठाम असं काही नाही, लाडू मात्र मी शास्त्राशिवाय पण खाल्ले असते.

काही गोष्टी ज्यांचा पंपाशी थेट संबंध नाही पण इथे वाचणाऱ्या बायकांना लागतील. पान्हा फुटायच्या आधी अर्धा-एक मिनिट मला पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, सगळं संपलंय असं काहीतरी, आणि दूध सुटलं की आपोआप जायचं. दरवेळी, घड्याळ लावल्यासारखं. मला वाटलं मी वेडी होतेय. डॉक्टर म्हणाल्या काही बायकांना होतं, मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन क्षणभर खाली जातं त्याच्याशी संबंध असावा, याला डी-मर म्हणतात, हे बाळंतपणातलं डिप्रेशन नाही. दिवसभर उदास वाटणं ही वेगळी गोष्ट आहे, ते अंगावर काढू नका. आणि बीपी! सगळ्यांना वाटतं बाळंत झाली की सुटली. उलट तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते परत चढतं, माझं पाचव्या दिवशी डोकं फुटायला आलं आणि मी समजत होते जागरणाने. मोजलं तर १५०/१००. पंपाच्या शेजारी बीपीचं मशीन ठेवा.

एकदा गाठ झाली, डावीकडे, लाल, ताप. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या गरम शेका आणि दाबून फोडा, पुस्तिका म्हणते अधिक वेळा पंप करा, आणि डॉक्टर म्हणाल्या दोन्ही करू नका. २०२२ पासून सल्ला बदललाय, आत सूज असते, तीवर जोर लावला की वाढते, म्हणून थंड शेक, हलका हात, नेहमीएवढंच दूध काढायचं, जास्तीचं नाही. बर्फ कापडात गुंडाळून लावला, दोन दिवसांत उतरली. मावशी अजून रुसल्यात.

साठवणीचं: बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस धरा. फ्रीझरमधलं दूध वितळवलं तर साबणासारखा वास आला, सासूबाई म्हणाल्या नासलं, ओतून टाक. मोरीपर्यंत नेलं पण जीव होईना, १८० मिली म्हणजे माझा आख्खा एक दिवसाचा झोपेचा भाग. ते नासलेलं नव्हतं, दुधातलंच लायपेज नावाचं एन्झाईम चरबी फोडत राहतं त्याचा वास. पोरीने नळीतून काय, बोंडल्याने पण मजेत प्यायलं.

अजून एक कुरकुर, तो छोटा पांढरा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह. दोन महिन्यांत सैल पडतो, ओढ कमी होते, आणि बाई समजते माझंच दूध आटलं. मी आठवडाभर तेच समजत होते. डब्यात जास्तीचा एकच दिलाय आणि सुटा मिळत नाही, संच घ्यावा लागतो ८९९ चा. तो व्हॉल्व्ह बदलला त्याच दुपारी ९० मिली. धुताना बोटाने चोळू नका, फाटतो.

लेक चोविसाव्या दिवशी घरी आली, पाचव्या आठवड्यापासून अंगावर प्यायला लागली, तीन महिन्यांनी पंप पूर्ण बंद. आता ती आठ महिन्यांची आहे आणि पंप गेल्या महिन्यात ओझरला वहिनीकडे गेला, नवे व्हॉल्व्ह, नव्या वाट्या, १९ ची रिंग, दोन मोजे, आणि पुस्तिका काढून घेतली. परवा वहिनीने व्हिडिओ कॉल केला, ताई नीट लावलाय का बघा. तिने बटण दाबलं, तो घुर्रर्र-टक घुर्रर्र-टक आवाज फोनमधून आला आणि इकडे माझा गाऊन दोन्हीकडून ओला.